उजवीकडचा खिसा

३ सप्टेंबर, बुधवार

ही वही गिऱ्हाइकांची मापं लिहायला आणली होती. पण आज ज्याच्या मापाचं काम आलं तो माणूस अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी विमानासकट समुद्रात गेला, आणि त्याच्यापायी माझं सकाळी सकाळी आईशी भांडण झालं. मापाच्या वहीत भांडणाला रकाना नसतो. तेव्हा आता ही वही माझी.

हवाई दलाच्या संग्रहालयातून पत्र आलंय. तिथे दारातून आत गेलं की समोरच्या काचेत त्या वैमानिकाचं चामड्याचं जॅकेट आहे. शाळेच्या पोरांना रांगेने त्याच्यापुढे उभं करतात. आता त्याचं कातडं तडकायला लागलंय, उजेडाने रंग उडतोय. म्हणून समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, अस्सल आहे ते अस्सलच काचेत राहू दे, झिजलं तर झिजलं. दुसरा म्हणतो, ते अंधाऱ्या खोलीत आडवं निजवा आणि काचेत हुबेहूब प्रतिकृती लावा. पंचवीस ऑक्टोबरला नवं दालन उघडायचंय. त्याआधी प्रतिकृती समोर ठेवून ठरवणार, आणि ती शिवायला मला बोलावलंय.

मला! हवाई दलाच्या धर्तीची जॅकेटं शिवणाऱ्या ज्या दुकानाला तिथले क्युरेटरसाहेब आजवर 'नकलांचं दुकान' म्हणत आले, त्या दुकानाला. हा गृहस्थ कायम पांढरे हातमोजे घालून हिंडतो, म्हणून मी त्याला हातमोजेच म्हणते. अडला हरी म्हणतात ते हेच.

आई दुकानामागच्या खोलीत खिडकीपाशी बसून असते. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, बोटं वाकली पण जीभ सरळ आहे. तिला सांगितलं, "आई, समुद्रात पडलेल्या त्या वैमानिकाचं जॅकेट आहे ना संग्रहालयात, त्याचं काम आलंय."

तिने कप खाली ठेवला. "ते अजून आहे?"

"आहे म्हणजे? काचेत आहे. सगळं जग बघून जातं."

"नको म्हणून कळव."

का म्हटलं, तर खिडकीकडे तोंड करून बसली. तीस वर्षं मी मशीनवर मान मोडतेय, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी दार उघडलं, तर घरातलीच म्हातारी आडवी येते. हिला माझं बरं झालेलं बघवत नाही, दुसरं काय. मी दुपारी होकार कळवून टाकला.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज जॅकेट हातात मिळालं. दोन तास, हातमोजे घालून, आणि समोर साहेब दंडाधिकाऱ्यासारखे उभे.

टेबलावर पांढऱ्या कापडावर ते पसरलं होतं. बकऱ्याचं कातडं, खांद्याला जोड नाही, पाठ एका तुकड्याची. मनगटाच्या विणलेल्या पट्ट्या कसरीने खाल्लेल्या. मी मापं घेत गेले तशी साहेबांची टकळी सुरू. दोन्ही बाह्यांना कोपराच्या खाली, आतल्या अंगाला, कातडं घासून पार पांढरं पडलंय. मला ते विचित्र वाटलं. बसून काम करणाऱ्याचं कोपर टोकाला झिजतं, इथे झीज खाली होती. साहेब म्हणाले, "कॉकपिटच्या कडेवर हात टेकायचा तो. हे आकाश आहे, बाई, हे तुम्हाला शिवता येणार नाही." म्हटलं, आकाश नाही पण सॅंडपेपर आहे माझ्याकडे.

मग मी चेन उघडून आत बघितलं आणि मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. आतला खिसा उजवीकडे!

आमच्या दुकानातल्या प्रत्येक जॅकेटला आतला खिसा उजवीकडे असतो. आईच्या पुठ्ठ्याच्या नमुन्यांत तो तसाच आहे, मीही तसाच लावते. गिऱ्हाइकं कटकट करतात की उजवा हात घालता येत नाही, सगळ्या दुनियेचा डावीकडे असतो. आणि आज हवाई दलाच्या अस्सल जॅकेटला तो बरोब्बर तिथेच. म्हणजे आईने नमुना उतरवला तो खऱ्या मालावरून, अगदी रेघेवर रेघ. आता बोला म्हणावं नकलांचं दुकान.

साहेबांची या खिशावर वेगळीच कथा आहे. वैमानिक डावखुरा होता आणि त्याने खास सांगून खिसा तिकडे करून घेतला. हे पाटीवर लिहिलंय, पुस्तिकेतही छापलंय. त्याची बहीण तिथेच खुर्चीवर बसली होती. सत्तरीच्या आहेत, गणित शिकवायच्या, सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांची आई गेल्यावर तिच्या कपाटातलं हे जॅकेट त्यांनीच संग्रहालयाला दिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा उजव्या हाताने लिहायचा. मी तुम्हाला हे तीनदा सांगितलंय."

"लिहिणं वेगळं, ताई, विमान चालवणं वेगळं."

शिकलेल्या माणसाला एकदा कथा सुचली की तिच्यापुढे सख्ख्या बहिणीचंही चालत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

आईने आपण होऊन तोंड उघडलं. "कोपरं कशी आहेत?"

"कुणाची?"

"बाह्यांची गं."

सांगितलं, झिजलीत. मग विचारते, "कॉलरखालचा हूक शाबूत आहे? आणि डावी बाही उसवली होती का कुठे?" बाही खरंच उसवलेली आहे, आणि कुणीतरी साध्या काळ्या दोऱ्याने गचाळ शिवलीये. तुला कसं कळलं, म्हटलं, तर म्हणे, "त्या जागी ताण येतो." आणि वर परत, "काम परत कर." म्हातारपणी माणूस एकाच गोष्टीचा धोशा लावतं, त्यातला प्रकार. मी मान हलवली आणि कातडं निवडायला बसले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाठ कापली. आमच्या धंद्यात आधी चार वेळा विचार आणि मग आरी, कारण कातड्याला एकदा भोक पडलं की ते बुजत नाही. कापडाचं तसं नसतं.

दुपारी एक जुनं गिऱ्हाईक आलं. चार महिन्यांपूर्वी हा मला म्हणाला होता, तुमचं जॅकेट छान आहे पण शेवटी नक्कल, मी अस्सलच घेणार. कुठूनतरी साठ वर्षांचं मिळवलं. पहिल्याच दिवशी टॅक्सीला हात केला आणि बाही काखेतून निघून खांद्यावर आली. आता तो ते पिशवीत घेऊन आलेला, चेहरा असा की घरात कुणी गेलंय. मी हसले नाही. मग हसले. त्याला म्हटलं, अस्सलचा दोरा कुजलेला असतो, कातडं सुकलेलं असतं, ते बघायला ठेवावं. नकलेत हात वर करता येतो. तुम्हाला काय करायचंय ते आधी ठरवा. तो म्हणाला, मला दोन्ही पाहिजे. सगळ्यांना दोन्हीच पाहिजे असतं.

मी नक्कल करते हे मी कधी लपवलं नाही. प्रत्येक जॅकेटच्या अस्तरावर दुकानाचा शिक्का असतो. एका दलालाने विचारलं होतं, शिक्का मारू नका, जरा मातीत घोळा, मी जुनं म्हणून विकतो. त्याला मी कात्रीसकट दारापर्यंत पोचवलं होतं. माझं काम खोटं नाही. ते दुसऱ्या कुणाचं असल्याचा आव आणलात तर तुम्ही खोटे.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज इंजिनकाका आले, चेन बदलायला. हे हवाई दलात इंजिनं दुरुस्त करायचे, त्याच वैमानिकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते. त्यांचं जॅकेट त्याच वर्षीच्या गठ्ठ्यातलं. मी हरखले. उघडून बघते तर आतला खिसा डावीकडे.

"काका, हा खिसा कुणी बदलला?"

"कोण बदलेल? आमच्या सगळ्यांचा तिथेच."

"तुमचं चुकलेलं आलं असेल."

काका हसले. "बाई, अठ्ठावीस जॅकेटं मी माझ्या हाताने वाटलीत. अठ्ठावीस चुकीची आणि काचेतलं एक बरोबर?"

मी वाद घातला, कारण मला वाद घालता येतो. पण काका गेल्यावर आईचे पुठ्ठे खिळ्यावरून काढले. शाळकरी दप्तराच्या नमुन्यातही आतला खिसा उजवीकडे आहे. दप्तराला कसला आलाय हवाई दलाचा नियम? पण मग ते काचेतलं जॅकेट तसं कसं? डोकं चालेना. सोमवारी हूक बघायच्या निमित्ताने परत जाते.

२९ सप्टेंबर, सोमवार

कॉलरखालचा हूक हाताने शिवलेला असतो, तिथे मशीनचा पाय पोचत नाही. आज भिंग लावून बघितला. टाके डावीकडे झुकलेत.

उजव्या हाताने शिवलं की टाका उजवीकडे कलतो. माझे सगळे उजवीकडे कलतात. डावीकडे कलणारे टाके मी आयुष्यात एकाच बाईचे पाहिलेत, आणि शेवटचा टाका दोनदा घेऊन त्यावर मेणाचं बोट फिरवायची खोडही तिचीच. मेण अजून आहे. साहेब मागून म्हणाले, "काय, सापडलं का काही?" म्हटलं, काही नाही, डोळ्यात धूळ गेली.

घरी येऊन बूटही काढले नाहीत. "आई, ते जॅकेट तू शिवलंस."

ती डाव्या हाताने शेंगा सोलत होती. आयुष्यभर तिला डाव्या हाताने सगळं करताना पाहत आले आणि माझ्या डोक्यात उजेड पडायला वीस दिवस लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"हो," ती म्हणाली. "म्हणून म्हणत होते काम नको."

मग सांगितलं. तो गेल्यानंतर दोन महिन्यांनी त्याची आई दुकानात आली. समुद्रातून काही परत आलं नव्हतं, रुमालसुद्धा नाही. तिने मापाला त्याचा एक शर्ट आणला आणि एक फोटो. म्हणाली, होतं तसं करून दे. आई तेव्हा हवाई दलाच्या तळावरच्या लोकांची जॅकेटं दुरुस्त करायची, तिला सगळं पाठ होतं. अकरा दिवस ती बाई मशीनशेजारी स्टुलावर बसून राहिली. "बोलायची नाही. तू पाच वर्षांची होतीस. दुपारी तिच्या मांडीवर झोपायचीस." मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

"मग सांगितलं का नाहीस कधी? जग त्या शिलाईला हात जोडतं आणि मला नकला करणारी म्हणतं."

"तिला शब्द दिला होता. लोक म्हणाले असते, बाईचं डोकं फिरलं. आणि आता तूही कुणाला बोलायचं नाहीस. तिच्या मुलीला ते भावाचं वाटतंय, वाटू दे."

हो म्हटलं. पण माझं काळीज जळतंय. पोरं रांगेने उभी राहतात ती माझ्या आईच्या कामापुढे, आणि पाटीवर लिहिलंय 'मूळ'.

७ ऑक्टोबर, मंगळवार

जॅकेट पूर्ण. साहेबांनी 'जसंच्या तसं' सांगितलंय, म्हणून खिसा उजवीकडे. हुकाचे टाके मात्र जमत नव्हते, माझा हात उजवीकडेच ओढतो. शेवटी सुई डाव्या हातात धरली. तीन तास लागले, बोट दोनदा फुटलं. आईने न सांगता जवळ येऊन बघितलं आणि म्हणाली, "सैल आहे." पण मग मेणाचा गोळा तिनेच पुढे केला.

११ ऑक्टोबर, शनिवार

काय करून बसले मी.

समितीची सभा होती. दोन्ही जॅकेटं टेबलावर शेजारी शेजारी. पाचसहा जण, ताई, स्क्वाड्रनमधले म्हणून बोलावलेले इंजिनकाका, साहेब. सगळे आळीपाळीने बघत होते आणि ओळखू येत नव्हतं कुठलं कुठलं. मी मनातून फुगले होते हे खोटं कशाला बोलू. तेवढ्यात साहेबांनी जुन्याची कॉलर उचलली.

"काम उत्तम आहे, वादच नाही. पण अस्सल ते अस्सल. हे हुकाचे टाके बघा. प्रत्येक टाक्यात जीव आहे. शिवणाऱ्याला माहीत होतं की हे जॅकेट आकाशात जाणार आहे. नकलेत हात असतो, मन नसतं. हे आजच्या हातांना जमायचं नाही."

आणि मी बोलले. "साहेब, ते टाके माझ्या आईचे आहेत. हे जॅकेट आकाशात कधी गेलंच नाही. माणूस गेल्यावर दोन महिन्यांनी ते आमच्या दुकानात शिवलंय. वैमानिक डावखुरा नव्हता, माझी आई डावखुरी आहे. पुसून टाका तुमची पाटी."

साहेबांनी हसण्याचा प्रयत्न केला, मग काकांनी अंगातलं जॅकेट उघडून डावीकडचा खिसा दाखवला, तेव्हा तेही थांबलं. कारकुनाला म्हणाले, "नोंद घ्या. जॅकेट मूळ नसल्याचं निदर्शनास आलं." पण मी त्यांच्याकडे नाही, ताईंकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "आईला हे माहीत होतं?"

"त्यांनीच करून घेतलं."

त्या उठल्या, पर्स घेतली, आणि निघून गेल्या.

खरं बोलले याचं मला वाईट वाटत नाही. शंभरदा बोलेन. पण त्या बाईला आधी एकटीला गाठून सांगायला हवं होतं, चारचौघांत नाही. रागाच्या भरात मी साहेबांना मारायला गेले आणि घाव भलत्याच जागी बसला. कातड्याचा नियम मला तीस वर्षं पाठ आहे, तोंडाला तो कधी लावला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आईला सांगितलं. तिने जेवणाचं ताट बाजूला सारलं. "मी अठ्ठेचाळीस वर्षं गिळलं ते तू दोन मिनिटांत ओकलीस."

म्हटलं, "शब्द तू दिला होतास."

"आणि तू मला दिला होतास."

दिवसभर घरात फक्त घड्याळाचा आवाज.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी दुकानाच्या दारात ताई. मी उठून उभी राहिले, क्षमा मागायला तोंड उघडलं, तर हाताने थांबवलं. "आई कुठेय तुमची?"

आत नेलं. आईने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि स्टुलाकडे बोट केलं. ताई स्टुलावर बसल्या. त्याच स्टुलावर, पण हे त्यांना माहीत नव्हतं आणि आम्ही दोघी बोललो नाही.

"मी तेव्हा बाहेरगावी शिकत होते," ताई म्हणाल्या. "सुट्टीत घरी आले की आईच्या अंगात ते जॅकेट असायचं. पहाटेपासून खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून बाहेर बघत बसायची. वीस वर्षं. मला वाटायचं, दादाचं दुसरं जॅकेट घरी राहिलं असेल."

मी कठड्याकडे पाहिलं, आमच्या खिडकीच्या. मग मला त्या बाह्या आठवल्या, कोपराच्या खाली घासून पांढऱ्या पडलेल्या. कॉकपिट म्हणे.

आईने विचारलं, "डावी बाही कुणी शिवली?"

"मी."

"घाण शिवलीये."

"मला गणित येतं फक्त," ताई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. मी दारात उभी, मला हसू की रडू कळेना.

मग ताईंनी तेच विचारलं जे मी कधी विचारलं नव्हतं. "सगळं तंतोतंत केलंत, मग खिसाच कसा चुकला?"

"सवयीने लावला," आई म्हणाली. "चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. तुमच्या आईला म्हटलं, चुकलं हो, उसवते, अस्तरातच आहे, डावीकडे करून देते. तिने माझा हात धरला. म्हणाली, राहू दे. एक तरी खूण चुकीची असू दे. नाहीतर एखाद्या दिवशी मला खरंच वाटायला लागेल की तो आला आणि जॅकेट काढून ठेवून आत झोपलाय."

ताईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. माझी आई, जी मी तापाने फणफणले तरी कपाळावर हात ठेवायच्या आधी औषध घेतलंस का विचारते, तिने आपला वाकडा डावा हात ताईंच्या गुडघ्यावर ठेवला.

जाताना ताई मला म्हणाल्या, "काचेत दादाचं राहू दे. त्याचा खिसा डावीकडे होता. तुमच्या जॅकेटचा खिसा तिकडे कराल?"

"जुन्याचं काय?"

"ते मी बघते."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आयुष्यात पहिल्यांदा खिसा डावीकडे लावला. अस्तर नवं घातलं. दोनदा उलटा बसला. आई मागे बसून सूचना करत होती, "तुला नाही जमायचं, तुझ्या हाताला वळणच नाही त्याचं." जमलं. दुकानाचा शिक्का मारला, आणि आईला म्हटलं, यावर तूही काहीतरी कर. तिने बोटात सुई धरून शिक्क्याखाली एकच टाका घातला. पाच मिनिटं लागली. डावीकडे कलणारा.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज दालन उघडलं. आईला चाकाच्या खुर्चीतून नेलं. हवाई दलाचे अधिकारी, शाळेची पोरं, भाषणं.

काचेत माझं जॅकेट. खाली पाटीवर 'प्रतिकृती' आणि त्याखाली आमच्या दोघींची नावं, ताईंनी समितीशी भांडून लिहवून घेतलेली. साहेबांनी डावखुरेपणाची ओळ काढलीये. जुनं जॅकेट बाजूच्या टेबलावर खोक्यात, झाकण लावून, अंधाऱ्या खोलीत जायला तयार. वर चिठ्ठी, 'संकीर्ण'.

भाषणं संपली आणि ताई टेबलापाशी गेल्या. खोकं उघडलं, जॅकेट काढलं, झटकलं आणि अंगात घातलं. एक बाही, दुसरी बाही. चेन गळ्यापर्यंत. खांदे त्यांना मोठे होत होते, बाह्या बोटांवर येत होत्या.

साहेब धावले. "ताई, अहो, ती संस्थेची वस्तू आहे. हातमोजेसुद्धा नाहीत तुमच्या हातात."

"संस्थेला मी माझ्या भावाचं जॅकेट दिलं होतं," ताई म्हणाल्या, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. "हे त्याचं नाही, असं तुम्हीच अकरा तारखेला लिहून घेतलंत. हे माझ्या आईचं आहे. मी घरी नेतेय."

"ते फाटेल, ताई."

"फाटलं तर शिवेन. वाईट शिवते, पण शिवते."

साहेबांनी अधिकाऱ्यांकडे बघितलं. अधिकारी छताकडे बघत होते. सत्तर वर्षांच्या बाईच्या अंगातलं जॅकेट कोण उतरवणार? साहेबांचा हात पुढे आला होता तो तसाच मागे गेला. मला क्षणभर त्यांची दया आली. क्षणभरच.

ताई दाराकडे निघाल्या. शाळेच्या पोरांनी आपोआप वाट दिली, कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. आईच्या खुर्चीपाशी त्या थांबल्या, वाकल्या. आईने कॉलर उचलून हूक चाचपला.

"घट्ट आहे," आई म्हणाली.

बाहेर टॅक्सी उभी होती. ताईंनी हात वर केला, आणि मी श्वास धरला. बाही जागेवर राहिली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी नवं गिऱ्हाईक. अंगात घालून बघितलं, आरशात पुढून मागून फिरला, खूश झाला. मग आत हात घातला आणि कपाळाला आठी. "बाई, हा खिसा उलट्या बाजूला आहे. हवाई दलाच्या जॅकेटला डावीकडे असतो, मी काचेत बघून आलोय."

"बरोबर बघितलंत."

"मग बदलून द्या की."

आतल्या खोलीत आईचा हात शेंगा सोलता सोलता थांबला. मला आवाजावरून कळलं.

"नाही बदलणार," मी म्हटलं. "आमच्यात तो इकडेच असतो."